उखा नानांची गाठींची दोरी

आमच्या तळोद्याच्या गल्लीत कुणाच्या तोंडून "लई", "खूप", "भलतंच" असा शब्द निघाला आणि उखा नाना जवळपास असले, की त्या माणसाची धडगत नसे. नाना मान वर करायचे, डोळे बारीक करायचे आणि एकच शब्द विचारायचे, "कितलं?"

"नाना, औंदा ऊन लई शे."

"कितलं?"

आता उन्हाला कितलं म्हणून काय सांगणार? समोरचा माणूस हसत हसत पुढं सटकायचा. पण नाना हसत नसत. ते म्हणायचे, "पहिले मोज, मंग बोल." दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य गल्लीला ऐकावं लागायचं. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला सासरची माणसं कमी आणि हे वाक्य जास्त पाठ झालं होतं.

नानांची उभी नोकरी सारंगखेड्याला तापीच्या काठावर गेली. पुलाच्या अलीकडं एक खूण केलेला खांब होता. त्यावर पाणी कुठवर चढलं ते बघायचं, लिहायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. पावसाळ्यात दर दोन तासांनी. गावातली माणसं पूर बघायला काठावर येऊन तोंडाचा आ करायची आणि नाना त्यांच्याकडं पाठ करून खांबावरचा आकडा वाचायचे. पेन्शन घेऊन तळोद्याला आले ते खांब तिथंच सोडून आले, पण सवय सोबत घेऊन आले. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला मात्र ते दर वर्षी न चुकता जायचे. घोडा घ्यायला नव्हे. एखादा व्यापारी "असं उंच जनावर सगळ्या बाजारात नाही" म्हणून ओरडायला लागला, की नाना खिशातून सुतळी काढून घोड्याच्या खुरापासून खांद्यापर्यंत धरायचे आणि गिऱ्हाइकादेखत आकडा सांगायचे. दोन-तीन व्यापारी नाना दिसले की घोड्यावर झूल टाकून ठेवायचे, असं नानी सांगायची. नानी म्हणजे त्यांची बायको. ती अंगानं ठेंगणी, बोलायला तिखट आणि नवऱ्याच्या मापाला अजिबात न भिणारी होती. माझ्या नवऱ्याचं लग्न जुळवताना मध्यस्थानं माझ्या वडलांना "मुलगा चांगला उंच आहे" असं सांगितलं, तेव्हा सगळे नानांच्याच ओसरीवर बसले होते. त्यांनी मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, गेरूनं खूण केली आणि माझ्या वडलांना म्हणाले, "मध्यस्थ खरं बोलना. पन दोन बोटं कमी." ती खूण नानांच्या चौकटीवर मी नंतर कित्येक वर्षं येता-जाता बघितली आहे.

पण नानांचं खरं काम होतं ते आमच्या विहिरीचं.

गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली अठरा घरांची ती एकच विहीर. तिच्याभोवती छातीइतकी भिंत होती. रोज सकाळी बायांचं पाणी भरून झालं, की नाना एक दोरी घेऊन निघायचे. अंबाडीची जाड दोरी, हाताहाताच्या अंतरावर एकेक गाठ आणि टोकाला नदीतला गुळगुळीत दगड. दगड तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची, वर ओढायची आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. जितक्या गाठी ओल्या, तितके हात पाणी. घरी येऊन ओसरीच्या भिंतीवर गेरूनं तितक्या रेघा ओढायच्या. वीस वर्षांच्या रेघांनी ती भिंत तांबडी झालेली होती. नानी दिवाळीला घर सारवायची, पण त्या भिंतीला पोतेरं लावायची तिला बंदी होती.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढं सगळं तिच्यावरच फिरलं. आमच्या गल्लीत बाया पाणी भरत असताना पुरुषमाणूस विहिरीकडं फिरकत नसे. तसा कुणी नियम केलेला नव्हता, पण होता. बाया तिथं डोक्यावरचा पदर सोडून मोकळ्या बोलायच्या, सासूला नावं ठेवायच्या, पाय धुवायच्या. सकाळी आमची वेळ, संध्याकाळी आमची वेळ, दुपारी कुणाच्या घरी पाणी सरलं तर पुन्हा आम्हीच. नानांची वेळ सकाळी आमच्यानंतर. त्यांनी ती कधी चुकवली नाही.

मला दोन वर्षं झाली असतील लग्नाला, तेव्हा बातमी आली की आमच्या गल्लीच्या मागच्या पडीक जागेवर बोर्डिंग होणार. सातपुड्यातल्या आदिवासी पोरांना शिकवण्यासाठी एक मंडळ निघालं होतं. त्यांची पोरं तोवर बाजारातल्या एका पडक्या गोदामात राहायची. पाऊस आला की पाट्या डोक्यावर धरून झोपायची. आता त्यांच्यासाठी चांगली दगडी इमारत होणार होती, साठ पोरं राहतील अशी. पाया खणायला घेतला तशी आमच्या गल्लीत खळबळ उडाली.

मी खोटं कशाला बोलू, मलाही ते बोर्डिंग नको होतं. कुणालाच नको होतं. अठरा घरांच्या गल्लीत साठ पोरं म्हणजे पाहुण्यांनी घर भरावं तसंच की. सगळ्यांत पुढं होते माझे सासरे, म्हणजे मामंजी. मोठे शेतकरी, आवाज मोठा, आणि नानांचे लहानपणापासूनचे मित्र. मामंजी म्हणाले, मामलेदाराकडं अर्ज करायचा. आणि अर्ज लिहिणार कोण, तर ज्याला सरकारी कागद कसा लिहायचा ते ठाऊक आहे तो. एका सकाळी सगळी गल्ली नानांच्या ओसरीवर जमली. आम्ही बाया आत दाराआड उभ्या होतो.

"लिख, उखा," मामंजी म्हणाले. "पोरे गलका करतीन. ढोल वाजाडतीन."

"कितला गलका?" नाना म्हणाले.

"आते तो काय मोजता येस का?"

"मंग अर्जमा नही."

दुसऱ्या एकानं सांगितलं, पोरं चिंचा-आंबे चोरतील. नानांनी विचारलं, आजवर किती चोरले? अजून एकही पोरगं इथं राहायला आलं नव्हतं. ते गेलं. तिसऱ्यानं सांगितलं, रोगराई येईल. "कोनती? कोनले व्हयनी?" तेही गेलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं की भिल्लांची पोरं आमच्या पोहऱ्याला, आमच्या दोरीला हात लावतील. सगळ्यांच्या मनातलं खरं ते हेच होतं. नानांनी त्या माणसाकडं बघितलं आणि म्हणाले, "त्यास्नी दोरी येगळी ठेवू. हात लागना ते मोजता येस नही, अर्जमा नही." आम्ही दाराआड मान हलवली, दोरी वेगळी असेल तर ठीक. त्या मान हलवण्याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

"मंग अर्जमा लिखशी काय?" मामंजी भडकले. "राम राम?"

"विहीर लिखसू. विहीर मी मोजेल शे."

आणि नानांनी लिहिलं. मला अजून आठवतं, लिहिताना ते मोठ्यानं वाचत होते आणि त्यांची भाषा बदलली होती. एरवी आमच्यासारखंच बोलणारे नाना सरकारी कामाला बसले की एकदम शुद्ध बोलायचे. "चैत्र महिन्यात सदर विहिरीत फक्त तीन हात पाणी राहते. साठ विद्यार्थ्यांनी त्यात भर घातल्यास अठरा कुटुंबांस पिण्यास पाणी उरणार नाही." एवढंच. शिवाय एक ओळ अशी, की बोर्डिंगचे संडास बाया धुणं धुतात त्या ओढ्याकडच्या अंगाला नसावेत. ते अंतर त्यांनी पावलांनी मोजून आणलं होतं. सगळ्या गल्लीचा राग, भीती आणि शिव्या नानांच्या हातून गाळून निघाल्यावर दोनच ओळी उरल्या.

पण त्या दोन ओळींनी काम केलं. नुसता आरडाओरडा असता तर मामलेदारानं अर्ज बाजूला टाकला असता. आकडा बघून त्यानं पायाचं काम थांबवलं आणि कळवलं की पंधरा दिवसांनी मी स्वतः येऊन बघतो.

दुसऱ्याच दिवशी बोर्डिंगचे गुरुजी नानांकडं आले. तरुण, खादीचा सदरा, चेहरा उतरलेला. त्यांच्यासोबत एक पोरगा होता, नाव वेस्ता. बारा-तेरा वर्षांचा असेल. नर्मदेच्या काठच्या मणिबेलीहून डोंगर ओलांडून तीन दिवस चालत तो शाळेसाठी आला होता. गुरुजींनी सरळ सांगितलं की मंडळाला दुसरी जागा मिळत नाही. ही गेली तर पावसाळ्याआधी पोरांना घरी पाठवावं लागेल आणि एकदा घरी गेलेली पोरं परत येत नाहीत.

"एक पोऱ्या रोज कितलं पानी वापरस?" नानांनी विचारलं.

गुरुजींना सांगता येईना. ते म्हणाले, "लागेल तेवढं."

नाना उठलेच. अंगणात दोन घागरी भरून ठेवायला लावल्या आणि वेस्ताला म्हणाले, "आंघोळ कर. कपडा धू. ताट धू. पी. काय करशी ते कर." पोरगा बिचारा भांबावला. सगळी गल्ली कुंपणावरून बघत होती. त्यानं एकेक तांब्या मोजून पाणी घेतलं, अर्ध्यात डोकं-अंग भिजवलं, अर्ध्यात धुतलं, सदरा त्याच पाण्यात चोळला, ते पाणीही तुळशीला ओतलं. एक घागर संपली आणि दुसरीतली अर्धी तशीच राहिली. नानांनी बघितलं आणि विचारलं, "बस?"

वेस्ता शाळेतल्या मराठीत म्हणाला, "आमच्याकडे पाणी खालून वर आणावं लागतं. डोक्यावर. चढण मोठी आहे."

"कितली?" नानांच्या तोंडून सवयीनं निघालं.

वेस्तानं डोळे मिटले आणि बोटं मोजली. "आई चार वेळा बसते."

त्या दिवशी संध्याकाळी नानांनी मामंजींना अंगणात घागरी देऊन बसवलं आणि मामंजींना आंघोळीला तीन घागरी लागल्या. हे गल्लीत इतकं पसरलं की मामंजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. पण त्यानं काही बदललं नाही. साठ पोरांना दीड दीड घागर म्हणजे नव्वद घागरी, आणि विहिरीत तीन हात पाणी. नानांनी गुरुजींना बोलावून सांगितलं, "पुरत नाही, गुरुजी. मी तीनदा मांडून पाहिलं. माझा इलाज नाही." शुद्ध बोलले, म्हणजे हे सरकारी कागदाइतकंच पक्कं होतं. गुरुजी मान खाली घालून गेले. नाना त्या दिवशी जेवले नाहीत असं नानीनं मला सांगितलं.

मामलेदार यायला आठ-नऊ दिवस उरले होते. माझ्या सासूबाई तापानं पडल्या होत्या, घरात पाणी जास्त लागत होतं, म्हणून मी भर दुपारी घागर घेऊन विहिरीवर गेले. चिटपाखरू नव्हतं. मी पोहरा सोडला, तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. नाना होते. दुपारी इथं कुणी नसेल, आपण एकदा नीट डोकावून बघू, म्हणून ते झोप टाकून आले होते. मला बघून ते दचकले, मीही दचकले. मी पदर पुढं ओढला. सुनेनं सासऱ्याच्या वयाच्या माणसाशी बोलायचं नाही, त्यातून मामंजी समोरच्याच ओट्यावर घोरत पडलेले.

नाना तोंड फिरवून परत निघाले. पण जाता जाता त्यांची नजर माझ्या पायाशी गेली आणि ते थांबले.

माझ्या पायाशी दोरीचं वेटोळं पडलेलं होतं. कोरडं. सकाळी शेवटची बाई पाणी काढते तेव्हा दोरी संपते, टाचा उंचावून पोहरा बुडवावा लागतो. आता पोहरा केव्हाच बुडाला होता आणि हातभर, दोन हात, तीन हात, चांगली चार हात दोरी माझ्या पायाशी तशीच होती. नाना त्या वेटोळ्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा रंगच गेला.

"वहू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "दुपारले रोज इतलीच दोरी लागस का?"

मी मान हलवली.

"रोज?"

मी पुन्हा मान हलवली. अगं बाई, त्यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की सकाळी सगळ्यांनी उपसलं की विहीर खाली जाते आणि दुपारपर्यंत झरा ती पुन्हा भरतो. नाना वीस वर्षं ती नेमकी उपसल्यावरच मोजत होते. बायांच्या वेळेला पुरुषानं जायचं नाही, म्हणून त्यांनी भरलेली विहीर कधी बघितलीच नव्हती. आणि आम्ही बोललो नव्हतो, कारण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय बोर्डिंग आम्हालाही नको होतं. तेव्हा गप्प राहणं सोयीचंच होतं.

नाना घरी गेले. नंतर जे झालं ते नानीनं मला हसून हसून सांगितलं. नाना ओसरीत जाऊन त्या तांबड्या भिंतीसमोर उभे राहिले आणि नानीला विचारलं, विहीर दुपारी भरते हे तुला ठाऊक होतं का? नानी म्हणाली, "तुम्ही मले कधी इचारं का? वीस वरीस व्हयनात मोजी ऱ्हायनात. पानी कोन भरस ते एक दिन तरी इचारं?"

त्यावर दुसरा कुणी नवरा चिडला असता. नानांनी गाठींची दोरी खुंटीवरून काढली आणि नानीच्या हातात दिली. म्हणाले, मला तिथं येता येणार नाही, तूच मोज. आठ दिवस नानीनं विहीर मोजली. सकाळी आमच्याआधी, आमच्यानंतर, दुपारी आणि दिवेलागणीला. मी तिच्यासोबत असायची, ती दोरी सोडायची आणि मी भिजलेल्या गाठी मोजायची. उपसल्यावर तीन, दुपारी सात, संध्याकाळी आम्ही भरून झाल्यावर चार. पहाटे पुन्हा आठ. नाना ओसरीवरून आमची वाट बघत बसलेले असायचे, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे. आम्ही आकडा सांगितला की ते लिहून घ्यायचे आणि शंका असली तर म्हणायचे, "जराशी पुन्हा मोज, माय." मला ते दिवस फार आवडले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आकडा कुणीतरी लिहून घेत होतं.

मामलेदार आला. चिंचेखाली खुर्ची मांडली होती. मामंजींनी नवा फेटा बांधला होता. त्यांनी नानांना पुढं केलं, "सायेब, आम्हना उखा सांगी. सगळं मोजेल शे."

नाना उभे राहिले. "साहेब, अर्ज माझा आहे. अर्जातली चूकही माझीच आहे. मी विहीर वीस वर्षं चुकीच्या वेळी मोजली. दुपारी तिला सात हात पाणी असते. मुलांनी दुपारी भरले, तर गल्लीस कमी पडणार नाही. बोर्डिंग होऊ द्यावे."

कुणाचा कानावर विश्वास बसेना. मामंजी ओरडले, "हाई कोन मोजं? तू तर तठे जास नही!"

"मन्ही बायकोनी मोजं. आनि तुन्ही वहूनी."

मी समोरच्या आमच्या दाराआड होते, तरी मला वाटलं जमीन दुभंगावी. मामंजी लालबुंद झाले. "बायास्नं मोजमाप सरकारमा चालस का?"

"पानी त्या भरतस," नाना म्हणाले. "मोजानं कामबी पहिलेथीन त्यास्नंच व्हतं. मी मधमा घुसनू."

मामलेदार हसला आणि उठला. दुपार टळायची होती. त्यानं स्वतः दोरी सोडली आणि वर ओढली. सात गाठी भिजल्या होत्या, आठवीला ओल लागली होती. त्यानं तिथंच हुकूम लिहिला की बोर्डिंग बांधावं, पोरांनी दुपारीच पाणी भरावं आणि संडास ओढ्याच्या उलट अंगाला असावेत.

बोर्डिंग झालं. आणि नाना गल्लीच्या मनातून उतरले. कुणी भांडलं नाही, नुसतं बोलणं बंद केलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले तेव्हा नानीला कुणी बोलावलं नाही. मामंजी रोज ज्या ओसरीवर पान खायचे, तिच्यावरून मान वळवून जायचे. मलाही घरात महिनाभर ऐकून घ्यावं लागलं. नानांनी कुणाची विनवणी केली नाही. दुपारी पोरं रांगेनं यायची, वेगळ्या दोरीनं, वेगळ्या पोहऱ्यानं. आता ती बायांची वेळ नव्हती, तेव्हा नानाही यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. वेस्ता गाठी मोजायचा, नाना लिहायचे.

तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि पुढच्या फाल्गुनातच विहीर खाली गेली. दुपारी पाच. मग चार. मग सकाळसारखीच तीन. एका दुपारी मामंजी तीन वर्षांत पहिल्यांदा नानांसमोर येऊन उभे राहिले. मागं सगळी गल्ली.

"उखा, मोज आते," ते म्हणाले. "मोज आनि बोल."

नानांनी दोरी सोडली. तीन गाठी. त्यांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या. मला त्यांच्याकडं बघवेना. माणूस खरा वागला आणि त्याचं असं व्हावं, याचा मला संताप आला, पण कुणावर करायचा ते कळेना.

वेस्ता आता चांगला ताडमाड झाला होता. तो दोरीच्या टोकाचा दगड हातात घेऊन बघत होता. दगडाला काळा चिखल लागला होता. तो म्हणाला, "नाना, दगड तळाला नाही लागत. गाळाला लागतो. आमच्याकडे पाणी गेलं की गाळ काढून खालचा झिरा उकरतात. आम्ही उकरतो."

म्हणजे पोरं विहिरीत उतरणार. आमच्या पिण्याच्या विहिरीत, पायांनी. सगळ्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजी विहिरीत वाकून बघत राहिले. खाली तळाला उरलेलं पाणी होतं आणि वर साठ पोरं उभी होती. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहू, घरमाईन टोपल्या आन. ज्या व्हतीन त्या बठ्ठ्या."

तीन दिवस गाळ निघत होता. आठ पोरं खाली, बाकीची वरपर्यंत रांगेत. टोपल्या या हातातून त्या हातात. पहिल्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतले गडी रांगेत घुसले, दुसऱ्या दिवशी मामंजी. बाया ताकाच्या चरव्या घेऊन उभ्या होत्या. दोऱ्या कमी पडल्या तेव्हा आमच्या सोडल्या, त्यांच्या सोडल्या, एकमेकींना बांधल्या. नंतर त्या सोडवताना कोणती कुणाची ते कुणाला आठवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी खालून ओरडा झाला. कपारीतून झरा फुटला होता. पोरं घाईघाईनं वर आली.

त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला धुळ्याला नोकरी लागली आणि आम्ही तळोदं सोडलं. भर दुपारी गाडी जुंपली होती. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी पडदा सारला आणि गाडीवानाला थांबायला सांगितलं.

नाना विहिरीच्या भिंतीशी मांडी घालून बसले होते. गुडघ्यावर जुनी दोरी, पुढ्यात नव्या अंबाडीचं वेटोळं. ते जुन्या दोरीला नवा तुकडा जोडून त्याला गाठी मारत होते. वेस्तानं एक टोक ताणून धरलं होतं. आणि मामंजी वाकून, नानांच्या कोपरापासून बोटापर्यंत माप धरून सांगत होते, "अठे बांध. नही रे उखा, अठे. हात पुरा व्हऊ दे."

मी गाडीतून उतरले, पदर घेतला आणि नानांच्या पाया पडले. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी उघड बोलले, तेही मामंजींच्या समोर. विचारलं, "नाना, पाणी किती?"

नानांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्यांना जराही लाज वाटत नव्हती.

"मोजता येस नही, माय," ते म्हणाले. "दोरी कमी पडनी."